पंचमहासरोवरांवरील शिडाच्या शाळा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिका-कॅनडा सीमेवरील पंचमहासरोवरांच्या सफरीविषयी आलेला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे आणि छायाचित्रेही सुरेख आहेत. मात्र मिशिगन सरोवरात दिसणाऱ्या शिडाच्या जहाजांचा उल्लेख त्यात ‘हौशी पर्यटकांसाठीची जुन्या धाटणीची जहाजे’ असा एका वाक्यात उरकला आहे. काही जहाजे तशी आहेतही. परंतु त्यांतल्या काहींच्या डेकवर शाळा सुरू असताना, म्हणजे मे-जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरनंतर, पर्यटकांऐवजी शाळकरी मुले असतात आणि ती तेथे गोड्या पाण्याचे विज्ञान शिकत असतात. मी पुण्यात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर मिशिगनला मुलीकडे राहायला आले आणि आता अशाच एका जहाजावर स्वयंसेवक म्हणून मुलांकडून पाण्याची तपासणी करून घेते. त्यामुळे लेखात राहून गेलेली ही बाजू वाचकांसमोर मांडावीशी वाटली.

या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मिशिगन राज्यातील सटन्स बे या छोट्या गावातली ‘इनलँड सीज एज्युकेशन असोसिएशन’ ही संस्था. ती 1989 मध्ये टॉम केली यांनी सुरू केली आणि 1994 मध्ये खास या कामासाठी बांधलेले ‘इनलँड सीज’ हे दोन डोलकाठ्यांचे स्कूनर, म्हणजे एका प्रकारचे शिडाचे जहाज, तिच्याकडे आले. ह्युरॉन सरोवराच्या सॅगिनॉ उपसागरात बे सिटीहून ‘ॲपलडोर’ नावाची दोन स्कूनर असेच काम करतात. मिलवॉकीत लोकांनी स्वयंसेवेने बांधलेले तीन डोलकाठ्यांचे ‘डेनिस सुलिव्हन’ सन 2000 पासून दोन दशके तेथे होते, पण 2022 मध्ये ते पूर्व किनाऱ्याकडच्या एका संस्थेकडे गेले. लाकडी जहाज, शिडे आणि प्रशिक्षित खलाशी सांभाळणे हे खर्चाचे काम आहे, हे येथे नमूद केलेच पाहिजे. नाहीतर परदेशात सगळेच सुरळीत चालते असा आपला नेहमीचा गैरसमज पक्का व्हायचा.

अशा फेरीत नेमके काय घडते, ते सांगते. अर्ध्या दिवसाची फेरी असते. धक्का सुटला की मुलांचे गट पडतात आणि एकेक गट आळीपाळीने प्रत्येक ठिकाणी जातो: कोणी बारीक विणीचे जाळे पाण्यात सोडून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गोळा करतो, कोणी तळाचा गाळ वर आणतो, कोणी जाळ्यात आलेले मासे ओळखतो, कोणी सुकाणू धरतो. माझ्या वाट्याला पाणी येते. दोन्ही टोके उघडी असलेली नळकांडी दोरीने खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर पोहोचली की दोरीवरून पितळी वजन सोडायचे, ते खाली जाऊन आदळले की झाकणे मिटतात आणि तिथलेच पाणी बंद होऊन वर येते. उन्हाळ्यात पृष्ठभागाचे पाणी पोहण्याजोगे कोमट असताना खोलवरचे पाणी मात्र चार अंश सेल्सिअसच्या आसपास असते, कारण त्याच तापमानाला पाणी सर्वांत जड होऊन तळाशी बसते. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. येथे मुलगी ती बाटली हातात घेते, तिची बोटे बधिर होतात आणि ती आपणहून विचारते की मग वरचे पाणी खाली जातच नाही का. वसंतात आणि शरदात सगळे पाणी एका तापमानाला येते, वाऱ्याने वरखाली ढवळले जाते आणि तळापर्यंत ऑक्सिजन पोहोचतो, हे सांगायला त्यानंतर फार शब्द लागत नाहीत.

ऑक्सिजनही मुलेच मोजतात. नमुन्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कली-आयोडाइड टाकले की तपकिरी साका खाली बसतो, आम्ल घातले की तो विरघळून पाणी पिवळसर होते, स्टार्चने निळे-काळे होते, आणि मग थायोसल्फेटचे थेंब मोजत मोजत रंग नाहीसा करायचा. हलत्या डेकवर थेंब मोजताना मुले चुकतात, एकमेकांवर चिडतात, पुन्हा पहिल्यापासून करतात. शेवटी जो आकडा येतो तो त्यांच्या स्वतःच्या मालकीचा असतो, आणि दुसऱ्या गटाचा आकडा वेगळा आला तर चूक कोणाची यावर जी हुज्जत होते तिला मी विज्ञानाचे शिक्षण म्हणते.

परंतु या शाळेतला सगळ्यात मोलाचा धडा एका साध्या चकतीने शिकवला जातो. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आणि जेझुइट धर्मगुरू अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या चकत्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. सरोवरांसाठी आज वापरतात ती वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची चकती त्याच उपकरणाचे सुधारलेले रूप आहे. जहाजाच्या सावलीच्या बाजूने ती सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची, वर ओढताना पुन्हा दिसली की परत वाचायची आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. मिशिगन सरोवरात चकती आता पूर्वीपेक्षा कितीतरी खोलवर दिसत राहते. मिशिगन आणि ह्युरॉन ही दोन सरोवरे तर आता सुपीरियरपेक्षाही नितळ झाली आहेत, आणि सुपीरियर म्हणजे पाचांतले सर्वांत थंड, सर्वांत खोल आणि एरवी स्वच्छतेचा मानदंड मानलेले सरोवर. चकती खोल गेली की मुले टाळ्या वाजवतात, कारण स्वच्छ दिसणारे पाणी चांगले असणार, हे आपण सर्वच गृहीत धरतो.

मग तळाचा गाळ येतो. जबड्यासारखे मिटणारे एक जड लोखंडी यंत्र दोरीने तळाशी टेकवले की ते मिटते आणि मूठभर सरोवर वर घेऊन येते. ट्रेमध्ये ओतून चाळणीवर धुतले की हाताला लागतात ते नखाएवढे, पट्टेदार शिंपले, ढिगाने. हे क्वागा शिंपले. त्यांचे मूळ काळ्या समुद्राकडचे. सेंट लॉरेन्स जलमार्ग 1959 मध्ये खुला झाल्यावर मोठी सागरी जहाजे थेट महासरोवरांत येऊ लागली आणि तोल सांभाळण्यासाठी पोटात भरून आणलेले परमुलखाचे पाणी येथे सोडू लागली. त्या पाण्यातून झेब्रा शिंपले आले, ते 1988 मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडले. पाठोपाठ 1989 मध्ये ईरी सरोवरात क्वागा सापडले. पूर्ण वाढलेला एक शिंपला दिवसाला सुमारे एक लिटर पाणी गाळतो आणि त्यातले वनस्पती-प्लवक खाऊन टाकतो. सरोवराचा तळ अशा शिंपल्यांनी व्यापला म्हणजे वरचे पाणी नितळ होणारच. पण ते प्लवक प्राणी-प्लवकांचे अन्न, प्राणी-प्लवक माशांच्या पिलांचे अन्न. डिपोरिया नावाचा कोळंबीसारखा एक बारीक जीव पूर्वी मिशिगन सरोवराच्या गाळात विपुल होता आणि माशांचे पोट त्यावर भरत असे. आता आमच्या चाळणीत तो शोधूनही सापडत नाही. येथील कोळ्यांचा हुकमी व्हाइटफिशही कमी झाला आहे. स्वच्छ पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो, तळाशी क्लॅडोफोरा शेवाळ माजते, ते कुजले की ऑक्सिजन संपतो, त्या कुजण्यात बॉट्युलिझमचे जिवाणू विष तयार करतात आणि शिंपले, गोबी मासे यांच्यामार्फत ते लून पक्ष्यांपर्यंत पोहोचते, अशी साखळी शास्त्रज्ञ मांडतात. मेलेले लून जिथे किनाऱ्याला लागले, तो स्लीपिंग बेअरचा वाळूच्या टेकड्यांचा किनारा सटन्स बेपासून फार दूर नाही.

पारदर्शकता वाढण्याला शिंपले हे एकमेव कारण नव्हे, हेही मुलांना सांगावे लागते. साठच्या दशकात ईरी सरोवर ‘मेले’ असे वर्तमानपत्रे लिहीत होती. 1972 मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी पाण्याच्या गुणवत्तेचा करार केला, सांडपाण्यातले, शेवाळाला पोसणारे फॉस्फरस कमी केले आणि त्याचा फायदा झाला. तरीही ऑगस्ट 2014 मध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहरात शेवाळाच्या विषामुळे चारेक लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगण्याची वेळ आली. म्हणजे एका सरोवरात शेवाळ फार म्हणून पाणी पिता येत नाही आणि दुसऱ्यात प्लवक फार कमी म्हणून मासे उपाशी. चकती, जाळे आणि गाळ या तीन गोष्टी एकाच दिवशी, एकाच डेकवर हाताळल्याखेरीज हे तेरा वर्षांच्या मुलाला पटवणे कठीण आहे. मी वर्गातही प्रयत्न करून पाहिला आहे. मुले मान डोलावतात आणि विसरतात.

येथे कोणीही विचारील की मग शिडाचेच जहाज कशाला, इंजिनाची बोट पुरेल की. प्रश्न रास्त आहे. खरे तर नमुने घेताना आणि जाळे ओढताना आमचेही इंजिन चालू असते, आणि वारा पडला तर परतीचा प्रवासही त्याच्याच जिवावर होतो. मिशिगन राज्यातच मस्केगन येथे एक विद्यापीठ इंजिनाच्या संशोधन-नौकांवर असे वर्ग उत्तम रीतीने चालवते. पण मोठे शीड एकट्याने चढत नाही. दहा-बारा मुलांनी एका तालात दोर ओढला तरच ते वर जाते, आणि वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा पुष्कळदा त्या दोरावर पहिला असतो. शीड भरले की इंजिन बंद होते, आणि वारा कुठून येतो, लाट कशी वळते, पाण्याचा रंग कुठे बदलतो याकडे लक्ष आपोआप जाते. एकोणिसाव्या शतकात शिकागोसाठी लाकूड आणि पूर्वेकडे धान्य नेणारी ती स्कूनरच होती, त्यामुळे इतिहासाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. एवढे असूनही, पैसे तुटपुंजे असतील तर शिडावर खर्च करू नये, उपकरणांवर करावा, असे माझे मत आहे.

आता आपल्याकडचे. जगातील पृष्ठभागावरच्या द्रवरूप गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत आहे, तेव्हा त्यांच्याशी आपल्या धरणांची तुलना करण्याचे कारण नाही. पण आपल्या वृत्तपत्रांतून दर पावसाळ्यात मुंबईच्या सात तलावांचे आणि दर उन्हाळ्यात उजनीच्या ‘उणे’ साठ्याचे टक्के छापून येतात, तेव्हा त्या पाण्याची अवस्था काय आहे याविषयी एक ओळही नसते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते, हे सर्वांना ठाऊक आहे. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवणाऱ्या होड्या आहेत, त्या पाण्याची नस जाणणारे मच्छीमार आहेत, जवळपास महाविद्यालये आहेत. गरज आहे ती मोजण्याच्या सवयीची.

मुलांना होडीत बसवण्याआधी मात्र सुरक्षिततेचा विचार कठोरपणे झाला पाहिजे. जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका दगावल्या. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीत वादळी वाऱ्याने होडी उलटून सहा जणांचे प्राण गेले. येथे अमेरिकेत प्रवासी नेणाऱ्या अशा जहाजांची तपासणी तटरक्षक दल करते, कप्तानाला परवाना लागतो आणि हवामान बिघडण्याची शक्यता दिसली की फेरी सरळ रद्द होते, मग शाळेची बस धक्क्यावर येऊन उभी असली तरी. ही शिस्त जिथे पाळता येणार नाही तिथे चकती धक्क्यावरून किंवा पुलावरून सोडावी. पाण्याला त्याने फरक पडत नाही.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे की उजनीच्या साठ्याच्या टक्क्यांशेजारी महिन्यातून एकदा, एखाद्या शाळेने किंवा महाविद्यालयाने मोजलेली पाण्याची पारदर्शकता, जागा आणि वेळेसह, आपण छापावी. चकती कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात पत्र्यापासून करून मिळेल. तिला खाली वजन लावावे आणि न ताणणारी दोरी बांधावी. येथे अर्ध्या मीटरवर खुणा केल्या तरी चालते, उजनीच्या हिरव्या पाण्यात त्या पाच-पाच सेंटिमीटरवर कराव्या लागतील असा माझा अंदाज आहे. मोजणी नेहमी दुपारच्या सुमारास, सावलीच्या बाजूने आणि शक्यतो एकाच ठिकाणी व्हावी. ज्या शिक्षकांना हे करायचे असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवावे. संपूर्ण पद्धत आणि नोंदीचा तक्ता मराठीत लिहून पाठवण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
ट्रॅव्हर्स सिटी, मिशिगन