तुझ्या यादीत आमची मजुरी नाही

चि. पूजास अनेक आशीर्वाद.

‘उद्योगाला सोयीच्या राज्यांच्या केंद्र सरकारच्या २०१९च्या यादीत महाराष्ट्र १३वा, आपण मागं पडलोय का बाबा?’ असा तुझ्या प्रोजेक्टसाठीचा मेसेज परवा पाळी सुटताना वाचला. फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या फौंड्रीत, साच्यातले वाळूचे गाभे करायच्या कोअर शॉपला झारखंडचा एक पोरगा आहे. तू पाठवलेल्या त्या यादीत झारखंड पाचवं, उत्तर प्रदेश दुसरं. इथं कोल्हापूरजवळच्या शिरोलीत भट्टीवर, ओतीव माल घासायच्या फेटलिंगला उभी राहून बघ, किती पोरं त्याच राज्यांतली आहेत. त्या झारखंडच्या पोराला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, गावाकडं कारखाने नाहीत का रे? डबा बंद करत म्हणाला, “हैं चाचा, पर हाथ में क्या आता है?” पाचव्या नंबरचं राज्य सोडून तो दोन दिवस रेल्वेनं तेराव्यात आलाय, हे मला त्या यादीपेक्षा जास्त सांगतं.

ती यादी धंदा करणाऱ्यांना विचारून काढलेली. परवाना किती दिवसांत मिळाला, जमीन, वीजजोडणी, तपासणीचा त्रास किती. साचे करणाऱ्या मोल्डरला कुणी विचारलं नाही. तपासणीऐवजी मालकानंच प्रमाणपत्र भरून द्यायची सोय केली की राज्याला गुण. पूर्वी एका कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एकाची दोन बोटं गेली, तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. हात वाचवणारा मशीनचा गार्ड काढून ठेवलेला होता आणि वर्षभर कुणी बघायला आलं नव्हतं. अजून तो डाव्या हातानं चहाचा कप धरतो. तपासणी कमी होणं ही कुणाची सोय, हे तू प्रोजेक्टमध्ये नक्की लिही.

याच यादीत मध्य प्रदेश चौथं, केरळ २८वं. रिझर्व्ह बँकेच्या २०२१-२२च्या आकड्यांत खेड्यातल्या बांधकाम मजुराची रोजची मजुरी केरळात ८३७ रुपये, मध्य प्रदेशात २६६. २०२० साली हजार जन्मांमागं वर्षाच्या आत दगावलेली बाळं केरळात ६, मध्य प्रदेशात ४३.

म्हणून केरळात सगळं गोड आहे असंही नाही. तिथली पोरं कामाला आखातात जातातच. आणि मालकाची अडचण ती आमचीही असते. वीजदरापायी इथले कारखानदार कर्नाटकात जाऊ म्हणत होते, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. परवाना लवकर मिळावाच, भट्टी पेटती राहावीच. पण त्या भट्टीपुढं बारा तास उभं राहणाऱ्याच्या हातात काय पडतं, तेही त्याच कागदावर मोजा, एवढंच माझं म्हणणं.

तुझ्या तक्त्यात रोजच्या मजुरीचा एक रकाना वाढव. पीएफ खरंच भरला जातो का, हेही विचार. शनिवारी आलीस तर त्या पोराशी गाठ घालून देतो. पगाराची पावती दाखवायला तो तयार आहे. आईनं भडंग करून ठेवलंय.

तुझे बाबा