ताई, त्या एका प्रश्नासाठी थँक्यू

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही, आणि भावाचंही टाकत नाही कारण ते आपण दोघींनी मिळून तसंच ठरवलं होतं. पण आभार चारचौघांत मानायचे होते म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

भावाला चौकशीला म्हणून घेऊन गेले आणि तो परत आलाच नाही, त्यानंतर आमच्याकडे किती जण येऊन गेले. कॅमेरेवाले, संस्थावाले, रिपोर्ट लिहिणारे. सगळेच वाईट होते असं नाही म्हणणार मी, पण प्रश्न सगळ्यांचा एकच, त्या रात्री काय झालं. मग आई सांगायला बसायची, तिचा आवाज गेला की कॅमेरा पुढे सरकायचा, आणि बाइट मिळाला की मंडळी निघाली. नंतर काय छापलं, काय दाखवलं ते आम्हाला बाहेरूनच कळायचं. आईचा रडतानाचा फोटो तर न विचारताच फिरला सगळीकडे, तो बघून ती आजही तोंड फिरवते.

तुम्ही आलात तेव्हा रेकॉर्डर पर्समध्येच राहिला बराच वेळ. आधी सांगितलंत हे कुठे जाणार, कोण वाचणार, नावं बदलता येतील, मध्येच थांबवता येईल, छापायच्या आधी कधीही नको म्हणता येईल. आणि हेही तोंडावर सांगितलंत की यातून तो सापडेल असं मी कबूल करू शकत नाही. खरं सांगू, त्या वाक्यामुळेच मी बोलायला तयार झाले.

मग विचारलंत, तो कसा होता? त्याची शिट्टी, त्याचं डॉक्टरसारखं अक्षर, लोकांच्या चपला लपवून ठेवायची खोड, हे सगळं आई सांगत सुटली आणि चक्क हसली. आणि त्यानंतरचा तुमचा प्रश्न, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे: मग पुढे तुम्ही काय काय केलंत?

हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं हो. सगळ्यांना आमच्यावर काय झालं ते हवं होतं, आम्ही काय केलं ते कुणालाच नको होतं. आणि आम्ही तर किती केलं होतं! अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही हे मी शिकले, तोंडी उत्तर दिलं तर ते लिहून मागायचं हेही. दर बदलीला नवा साहेब यायचा आणि फाइल सापडत नाही म्हणायचा, तेव्हा आई आधीच्या सगळ्या साहेबांची नावं ओळीने सांगायची. तिथल्याच बाकड्यावर आमच्यासारखी दुसरी घरं भेटली, मग आम्ही वेगवेगळे जायचं बंद केलं, एकत्र जायला लागलो. एकट्या बाईला हाकलता येतं, दहा जणींना बसायला सांगावं लागतं.

यावर तुम्ही टेप बंद करून अर्जेंटिनाच्या आयांचं सांगितलंत, ज्यांची मुलं अशीच गायब केली होती त्यांचं. 30 एप्रिल 1977 ला ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायोमध्ये 14 बायका जमल्या, लष्करी राजवटीत जमाव करायला बंदी, पोलीस म्हणाले उभं राहू नका, चालत राहा, मग त्या दोघी दोघी करून चौकाला फेऱ्याच मारायला लागल्या. डोक्याला पांढरा रुमाल, जो सुरुवातीला बाळांच्या लंगोटाचं कापड होता. हे पण सांगितलंत, लपवलं नाहीत, की त्यांना एकत्र आणणाऱ्या असुसेना व्हियाफ्लोर यांनाच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उचललं आणि त्यांच्या अवशेषांची ओळख पटली ती थेट 2005 मध्ये. आईने फक्त विचारलं, बाकीच्या थांबल्या का मग? तुम्ही म्हणालात नाही, गुरुवारच्या फेऱ्या चालूच राहिल्या. आईने मान हलवली, तिला बहुतेक तेवढंच हवं होतं.

आणखी एक मला फार उपयोगी पडलं. बेपत्ता करण्याविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार, 2006 चा, 2010 पासून लागू झालेला, त्यात पीडित म्हणजे फक्त नेलेला माणूस नाही, त्याच्यापायी ज्यांना थेट त्रास झाला तेही, आणि खरं काय घडलं ते कळण्याचा त्यांना हक्क आहे. करारावर सही न केलेले, सही करून गप्प बसलेले देश ढिगाने आहेत, माहितीये. तरी खिडकीसमोर उभं राहताना फरक पडतो. आपण भीक मागत नाही हे आधी आपल्याला पटावं लागतं.

लिहून झाल्यावर तुम्ही परत आलात आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवलंत, असं करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. दोन ओळी मी काढायला लावल्या, तुम्ही का म्हणून विचारलंसुद्धा नाहीत. एका ठिकाणी मी खचले असं आलं होतं, मी म्हटलं खचले नव्हते, चिडले होते, तेही बदललंत. बोलल्याने मन हलकं होतं म्हणतात, माझं काही झालं नाही बाबा, उलट त्या रात्री झोपच नाही लागली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला, कामाचं काही न बोलता नुसती चौकशी.

बाकड्यावरच्या त्या घरांपैकी एकीला आता बोलायचंय. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आयोगाकडे जवळपास 21 हजार पीडितांचे जबाब आले पण जाहीर सुनावणीत त्यातले दहातले एकच काय ते बोलले, हे तुमच्याकडून ऐकलेलं मी तिला सांगितलं, म्हटलं स्टेजवर जायलाच हवं असं नाही, लिहून ठेवलेलंही मोजलं जातं. ती म्हणते तुम्ही येणार असाल तर बोलेन. तिच्या घरी कॅमेरा चालणार नाही, मोठा मुलगा नको म्हणतो, आणि दुपारी तीननंतर या, तोवर ती कामावर असते.

तुमची,
शिट्टीवाल्याची ताई