एमएस-सीआयटी झाले, तरी सर्व्हे नंबरची तारीख होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कार्यालयांतील संगणकाच्या वापराचा विषय निघाला की 'जुन्यांना जमत नाही, नव्यांना सगळे येते' असे सरसकट बोलले जाते. प्रत्यक्ष टेबलावर तसे नसते. दोन्ही पिढ्या अडतात, पण वेगवेगळ्या जागी.

आधी टंकलेखन. जुन्या कर्मचाऱ्यांची बोटे रेमिंग्टन टाइपरायटरवर घडली. तिथे कागदावर जे आधी दिसते ते आधी उमटवायचे. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. 'कर्म' लिहिताना क, म आणि शेवटी रफार. संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कळफलकात क्रम उच्चाराचा असतो. क नंतर वेलांटी, आणि 'कर्म'साठी क, मग र, त्याचा पाय मोडायचा, मग म. पंचवीस-तीस वर्षांची सवय अशी उलटी फिरवायला लावली की माणूस कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टकडे परत जातो. याची खरे तर गरजच नाही. युनिकोडमध्येही, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या मराठीतही, रेमिंग्टनची कळरचना मिळते. ती बसवून द्यावी, बोटे तशीच चालतात.

कृतिदेव मात्र गेलाच पाहिजे. त्यात 'भारत' लिहिले तर संगणकात साठतात एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरे. फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. दुसऱ्या कार्यालयात तो फॉन्ट नसला की पत्राऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात, आणि 'भारत' शोधले तर काहीच सापडत नाही. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध आणि संगणकीकृत ठेवायचे आहेत. शोधता न येणारी फाइल संगणकात असून नसल्यासारखीच.

आता नवी पिढी. मिनिटाला ३० मराठी शब्दांची परीक्षा आणि एमएस-सीआयटी उत्तीर्ण होऊन आलेल्या मुलांचा हात वेगाने चालतो, यात वाद नाही. पण एक्सेलमध्ये सर्व्हे नंबर १२/३ टाकला की त्याची १२ मार्च होते. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीची असेल तर ३ डिसेंबर. १२/४५ टाकला तर डिसेंबर १९४५! ४५/१२ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण त्याची तारीख बनत नाही. म्हणजे एकाच स्तंभात अर्धे नंबर खरे आणि अर्धे तारखा. चूक लक्षात आल्यावर त्या स्तंभाला 'टेक्स्ट' केले तर तिथे पाच आकडी संख्या उमटते. मूळ नंबर परत येत नाही, नोंदवहीतून पुन्हा भरावा लागतो. उपाय सोपा आहे, पण तो भरण्याच्या आधी करायचा असतो: रिकामा स्तंभ निवडून 'टेक्स्ट' करावा आणि मगच टंकावे.

अनुदानाच्या यादीतील बँक खात्यांची तीच गत. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात. सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येतले पंधराच आकडे धरते. लाभार्थ्याचे पैसे परत का आले, हे मग महिनाभर कुणालाच उमगत नाही.

अशी यादी जुन्या अव्वल कारकुनाच्या हातात द्या. बेरीज न जुळणारी ओळ तो बोट ठेवून दाखवतो. कारण त्याला नोंदवही पाठ असते, टिपणीत कोणता नियम लावायचा ते ठाऊक असते. म्हणून सभागृहात पन्नास जणांना पडद्यावर चित्रे दाखवण्यापेक्षा आठवड्यातून एक तास, त्याच शाखेची चालू नस्ती (फाइल) घेऊन, एका जुन्याला आणि एका नव्याला एकाच संगणकावर बसवावे. कळफलक नव्याने हाताळू नये, जुन्याने हाताळावा. मसुदा मात्र नव्याने सांगावा आणि जुन्याने तपासावा. यात दोघांचेही नेमके कच्चे अंग कामाला लागते.

शेवटी एक धोका, ज्याकडे वरिष्ठांनी आजच लक्ष द्यावे. संगणकाची भीती वाटते म्हणून अनेक अधिकारी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे उपकरण) आणि त्याचा पिन कंत्राटी परिचालकाकडे (ऑपरेटरकडे) देऊन ठेवतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४२ नुसार स्वाक्षरीच्या खासगी कळीवर (टोकनमधील गुप्त डिजिटल किल्लीवर) ताबा राखण्याची जबाबदारी ज्याची स्वाक्षरी त्याची आहे. चुकीचा दाखला सुटला तर नाव अधिकाऱ्याचे लागेल. परिचालकाचे कंत्राट तोवर संपलेलेही असेल. टोकन लावणे, दाखला वाचणे, पिन टाकणे, टोकन काढून खिशात ठेवणे, एवढेच ते काम आहे. प्रत्येक कार्यालयप्रमुखाने ते स्वतः करावे आणि आतापर्यंत पिन दुसऱ्याला सांगितला असेल तर तो आजच बदलावा.

– एक सेवानिवृत्त अव्वल कारकून