सभेला भाडेकरूही हवेत

संपादक महोदय,

शहराच्या जुन्या भागातील आमच्या रहिवासी संघाच्या सभेची बातमी आपण छापलीत, आभार. पण बातमीत बोलले ते फक्त पदाधिकारी. माझा जन्म गवंडीकामात गेला. त्या सभेत दर्शनी भिंतींच्या रंगावर खल झाला, सिमेंटच्या गिलाव्याचा ठराव मात्र चर्चेविना मंजूर! चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंट फासले की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. चुना ओल बाहेर सोडतो. खालच्या मजल्यावरच्या कुठल्याही भाडेकरूने हे सांगितले असते. पोपडे त्याच्याच अंथरुणावर पडतात. पण सभा कामाच्या दिवशी, भर दुपारी. येणार कोण?

जुन्या शहरांच्या जतनासाठी ‘इकोमॉस’ या वारसास्थळांच्या जतनाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८७ मध्ये केलेली वॉशिंग्टन सनद सांगते, की जतन हा सर्वप्रथम तिथल्या रहिवाशांचा विषय आहे. रहिवासी म्हणजे केवळ घरमालक, असे त्यात कुठे नाही.

पुढची सभा संध्याकाळी घ्यावी, विषयपत्रिका आठवडाभर आधी फलकावर लावावी आणि गिलाव्याचा ठराव पुन्हा चर्चेला आणावा. चुना कसा मळायचा, ते दाखवायला मी येईन.

— एक निवृत्त गवंडी