मुलांपासून मरण किती लपवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मुलांच्या पुस्तकांत दुःख कशाला?’ असा सूर असलेला लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. शाळेचे ग्रंथालय सांभाळत असल्याने राहवले नाही, म्हणून हे पत्र.

राइना टेलगेमायर या अमेरिकी चित्रकथाकर्तीची ‘घोस्ट्स’ (२०१६) ही चित्रकादंबरी लेखकाने जरूर पाहावी. धाकट्या मायाला सिस्टिक फायब्रोसिस आहे. फुफ्फुसांत चिकट कफ साठत जाणारा हा आनुवंशिक आजार पुरता बरा होत नाही. समुद्राची हवा मानवेल म्हणून आईवडील उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका गावी बिऱ्हाड हलवतात. मैत्रिणी तुटल्या म्हणून थोरली कॅट धुमसते आहे आणि त्यात गावात म्हणे भुते! ही भुते मानगुटीवर बसणारी नव्हेत. त्यांना जिवंत माणसाचा श्वास लागतो. आणि जिच्याकडे श्वासाचीच टंचाई, ती माया तो हौसेने देऊ करते. तिला त्यांच्याकडून मरणाबद्दल जाणून घ्यायचे असते. घाबरलेली असते ती कॅट.

अजून कोणी गेलेले नाही, पण जाईल या धास्तीत घर जगते आहे. हे दुःख आपल्याकडे मुलांशी कोण बोलते? आजोबा ‘गावाला’ जातात, नाहीतर थेट ‘देवाघरी’.

कथेचा शेवटचा टप्पा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या मेक्सिकन मृतांच्या सणाचा. गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचे पदार्थ आणि झेंडू. (आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच.) पितृपक्षात आपणही पान वाढतो, कावळ्याची वाट पाहतो. पण पणजीचा स्वभाव कसा होता, तिला काय आवडायचे, हे त्या दिवशी नातवंडांना सांगणारी घरे थोडी.

पुस्तक निर्दोष नाही. त्यातली भुते जमतात ती जुन्या स्पॅनिश मिशनच्या, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांच्या धर्मप्रसार केंद्राच्या, आवारात. अशा मिशनांमध्ये कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांचे अतोनात हाल झाले, असंख्य माणसे मेली. त्याबद्दल पुस्तक गप्प राहते, हा अमेरिकेतल्याच काही समीक्षकांचा आक्षेप मला पटतो. सातवी-आठवीच्या मुलांना पुस्तक देताना तेही सांगावे.

मराठीत असे काही का नाही, असे विचारले की प्रकाशक रंगीत छपाईच्या खर्चाकडे बोट दाखवतात. खर्च आहेच. पण काळ्या-पांढऱ्या रेषेतही हे जमेल. आधी विषयाला हात घालायची तयारी हवी.

आपली,
एक शालेय ग्रंथपाल, सांगली