फुटलेले सिमेंटचे पत्रे: आधी भिजवा, मग उचला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे-जूनच्या वादळात रावेर, यावल, चोपड्याकडे केळी आडवी पडते, तेव्हा घरांचे, गोठ्यांचे, शाळांचे सिमेंटचे पत्रेही फुटतात. केळीचा पंचनामा होतो, छपराचाही होतो. फुटलेल्या पत्र्यांचा ढीग मात्र कुणाच्याच खात्यात जात नाही. तो कोरड्या झाडूने लोटला जातो आणि तुकडे पायाच्या भरावात, रस्त्याच्या खड्ड्यात, नाहीतर चुलीच्या आडोशाला लागतात. या राखाडी पन्हाळी पत्र्यात साधारण 8 ते 10 टक्के क्रिसोटाइल, म्हणजे पांढरं ॲसबेस्टॉस हे बारीक तंतूंचं खनिज असतं. बाकीचं मुख्यतः सिमेंट.

याबाबत दोन समजुती आहेत. एक म्हणजे ‘आजोबांपासून याच छपराखाली राहतोय, कुणाला काही झालं नाही’. दुसरी, ‘आजच उतरवून फेका’. दोन्ही चूक आहेत, पण घाईने उतरवण्यातला धोका मोठा. पत्रा साबूत असेल तर तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात. ग्राइंडरने कापला, हातोड्याने फोडला किंवा तारेच्या ब्रशने घासला की ते मोकळे होऊन हवेत जातात. उन्हाळ्यात छप्पर थंड राहावं म्हणून वर पांढरा रंग देतात, तो चांगलाच उपाय आहे. पण त्याआधी वाळलेलं शेवाळ खरवडून काढतात, तिथे घात होतो. शेवाळ काढायचंच असेल तर पत्रा ओला करून, मऊ ब्रशने.

हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, वासही नाही, खोकलाही लगेच येत नाही. श्वासातून खोल गेलेला लांब तंतू फुप्फुसातल्या पेशींना गिळता येत नाही, तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. बरीच वर्षं भरपूर धूळ घेतलेल्यांना ॲस्बेस्टॉसिस होतो, म्हणजे फुप्फुस घट्ट होत जातं आणि दम लागतो. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा. संपर्क आणि आजार यांत बहुधा 20 ते 40 वर्षं जातात. ‘आजोबांना काही झालं नाही’ हा पुरावा म्हणूनच कामाचा नाही. ही धूळ घेणारा बिडी-सिगारेटही ओढत असेल, तर त्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या वेगवेगळ्या धोक्यांच्या बेरजेहून बराच जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲसबेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना गट 1 मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, धरते. पांढरं त्यातून सुटलेलं नाही.

आता तपासणीबद्दल. मोबाइलवर फिरणारे सल्ले बहुतेक परदेशी असतात: ‘इमारत अमुक सालानंतरची असेल तर काळजी नको.’ ब्रिटनमध्ये 1999 साली बंदी आली, युरोपीय संघात 2005 पासून, म्हणून तिथे ते चालतं. आपल्याकडे खाणकाम थांबलं, पण आयात क्रिसोटाइलचे पत्रे बनत आणि विकले जात राहिले. पत्रा कोणत्या सालचा, यावरून इथे काही ठरत नाही. पत्र्यावर ‘आयएस 459’ हा भारतीय मानकाचा छाप दिसला तर तो ॲसबेस्टॉस सिमेंटचाच, कारण ते मानकच त्याचं आहे. छाप पुसला असेल तरी राखाडी पन्हाळी पत्रा ॲसबेस्टॉसचाच धरून चालावं, प्रयोगशाळेवर पैसे घालवू नयेत. काडी लावून पाहण्याची युक्तीही सोडा. न जळणारे तंतू इतरही असतात, आणि त्या खटाटोपात पत्रा मात्र फुटतो.

तपासणीचा खर्च करावा तो सपाट बोर्ड, छताखालच्या पाट्या, बॉयलरचं लिंपण, जुन्या भट्टीच्या दाराची दोरी यांच्यावर. नमुना घेताना पंखे बंद, मुलं बाहेर. एफएफपी3 दर्जाचा मास्क लावा. तो नसेल तर निदान एन95. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणं हे तंतू अडवत नाही, आणि दाढीवर कोणताच मास्क नीट बसत नाही. बादलीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घालून ती जागा फवाऱ्याने भिजवा. साबणामुळे पाणी आत मुरतं. जिथे आधीच तुटलंय त्या कडेचा अंगठ्याएवढा तुकडा पकडीने काढा; लिंपण असेल तर सगळ्या थरांतून आतपर्यंत घ्या, कारण वरचा थर बहुतेक वेळा नंतरच्या डागडुजीचा असतो. एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्यांत तो बंद करून जागा आणि तारीख लिहा. उघडी कड रंगाने बंद करा आणि खाली पडलेलं ओल्या फडक्याने पुसून फडकंही पिशवीत टाका.

प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढं पुरेसं नाही. मान्यतेच्या यादीत ॲसबेस्टॉसची चाचणी आहे का ते विचारा. घन नमुन्याला ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची चाचणी लागते. तंतू ठरावीक अपवर्तनांकाच्या (प्रकाश किती वाकतो त्या आकड्याच्या) द्रवात, क्रिसोटाइलसाठी 1.550, ठेवून त्याचे रंग पाहतात. अहवालात पद्धत, ॲसबेस्टॉसचा प्रकार आणि अंदाजे टक्केवारी हवी. हवेतले तंतू मोजण्याची नेहमीची चाचणी वेगळी असते. ती तंतूची लांबी-जाडी पाहते, तो कशाचा आहे हे सांगत नाही. जिनिंगमध्ये ती केली तर सरकीवरचा बारीक कापूसही आकड्यात येईल आणि निष्कर्ष फुकट जाईल.

पत्रे उतरवावेच लागले तर थेट पत्र्यावर पाय देऊ नका. ॲसबेस्टॉसचा आजार यायला दशकं लागतात, पत्र्यातून खाली पडून माणूस त्याच दिवशी जातो. छपराच्या कैच्यांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच चाला. पत्रे भिजवा, जे-हुकांना तेल सोडा, नट फिरला नाही तर बोल्ट कटरने तोडा, ग्राइंडर नको. अखंड पत्रा दोराने खाली सोडा. कामाचे कपडे झटकू नका, ओले करून वेगळे धुवा. कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची नोंद आहे.

जमिनीतल्या जुन्या एसी, म्हणजे ॲसबेस्टॉस सिमेंटच्या, पाइपातून पाणी पिणाऱ्यांनी घाबरू नये. पोटात गेलेल्या तंतूंनी अपाय होतो असा ठोस पुरावा नाही. पाइप कापणाऱ्या फिटरने मात्र घाबरावं. त्याहून वाईट बंद गिरण्यांतल्या बॉयलरांचं. त्यांचं लिंपण बोटाने चुरगळतं आणि त्यात पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त ॲसबेस्टॉस असू शकतं. लोखंडासाठी भंगारवाले ते सब्बलीने कोरडंच पाडतात. भंगाराचा लिलाव करणाऱ्याने आधी त्याची तपासणी करून घेण्याची अट निविदेत घालायला काय हरकत आहे?

2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत टाकाऊ ॲसबेस्टॉसचा उल्लेख आहे, पण तो उद्योगांपुरता. ऐनपूरच्या शेतकऱ्याने गोठ्याचे दहा पत्रे घेऊन तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर जावं, ही अपेक्षा कुणी करणार नाही. म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक तालुक्यात तुकडे जमा करण्याची एक जागा ठरवावी, जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी ग्रामपंचायतीने द्यावी आणि तिथून पुढची वाहतूक जिल्हा प्रशासनाने प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत करावी. पंचनाम्याच्या फॉर्ममध्ये ‘फुटलेले सिमेंट पत्रे, नग’ आणि ‘तुकडे कुठे ठेवले’ असे दोन रकाने वाढवले तर तलाठ्याला जागेवरच ते विचारता येईल.

आपला,
बांधकाम साहित्य तपासणीतील एक अभियंता, जळगाव