ज्याचं त्याचं सत्य?

चि. सोनूस,

पप्पांचा सलाम आणि आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, तुमचं सत्य तुमच्यापाशी, माझ्या मैत्रिणीचं तिच्यापाशी. कशाला कुणाला चूक म्हणायचं?" मोंढ्यात आवक जोरात होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

सोयाबीनचा ओलावा मोजताना तू पाहिलंयस. यंत्रात मूठभर दाणे ओतायचे, आकडा यायची वाट पाहायची. तोवर शेतकरी दहा म्हणतो, व्यापारी चौदा. हमीभावाच्या खरेदीला 12 टक्क्यांची अट होती; 2024 च्या हंगामात केंद्राने ती 15 पर्यंत नेली. अट माणसांनी घातली, माणसांनी बदलली. दाण्यातलं पाणी त्या आदेशाने ना वाढलं ना आटलं. कपडे, खाणं, उपासनेच्या चाली या गोष्टी त्या अटीसारख्या आहेत, तिथे ज्याचं त्याचं चालू दे. येशू मेलेल्यांतून उठला की नाही, हे त्यातलं नाही.

मतांगिकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणताना आपण एका रोमी सुभेदाराचं नाव घेतो, पंतय पिलात. भक्तीच्या ओळींत त्याचं काय काम? कुणाच्या अमदानीत हे घडलं, त्याची ती नोंद आहे. (1961 मध्ये कैसरियाला त्याचं नाव कोरलेला दगडही सापडला. त्याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, पण तो सुभेदार खराच होता हे कळतं.) साधारण इ. स. 55 च्या सुमारास येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांना, पत्रात लिहितो, की उठलेला येशू पाचशेहून अधिक जणांना दिसला आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारा. आणि ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ, असं तोच म्हणतो. बरं वाटतं म्हणून माना, असं तो कुठेच म्हणत नाही.

आता तुझ्या आजोबांचं ऐक. गावच्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा असायचा. टवका उडालेला, बाहेर वळचणीला खोचलेला. चहा वरून ओतायचे, पिऊन झाला की स्वतः विसळून परत खोचायचा. त्या हॉटेलवाल्यालाही त्याचं सत्य होतं, तेही बापजाद्यांपासूनचं. ज्याचं त्याचं सत्य म्हटलं की त्याला चूक म्हणायची सोयच उरत नाही, सोनू. मला ती सोडायची नाही. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला, हे अख्ख्या गावाने नाकारलं तरी आजोबांच्या बाबतीत खरंच होतं.

रेव्ह. नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ब्राह्मणाचं घर, नाती सगळं पणाला लागलं. पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांसोबत. विश्वास स्वतःपुरताच असता, तर घरात बसून गुपचूप मानता आला असता.

तुझ्या मैत्रिणीला मी कमी लेखतो असं मनात आणू नकोस. येशूचा शिष्य पेत्र याने विश्वासाबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगितलंय, पण सौम्यतेने. आणि जबरदस्तीने कुणाला काही पटत नसतं. नाताळला तिला घेऊन ये. पुनरुत्थान खोटं आहे असं तिला वाटत असेल तर तसं तोंडावर म्हणू दे, का ते सांगू दे. "तुमचं तुमच्यापाशी" यापेक्षा मला ते कितीतरी आवडेल. तोवर पौलाच्या त्याच पत्राचा, 1 करिंथचा, पंधरावा अध्याय दोघी मिळून वाचा, आणि जिथे अडेल तिथे खूण करून ठेवा.

तुझे पप्पा